मुलांच्या मधुमेहाचे कारण शोधायचे असेल तर वीस वर्षांची सोय करा: नागपूर विभागातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
अधिष्ठाता, नागपूर विभागातील सर्व वैद्यकीय महाविद्यालये;
कार्यकारी संचालक, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, नागपूर;
उपसंचालक, आरोग्य सेवा, नागपूर

विषय: टाइप वन मधुमेहाच्या कारणांवरील दीर्घकालीन संशोधनासाठी विदर्भातील मुलांची एकत्रित नोंदवही, रक्तनमुन्यांचा साठा आणि कायमस्वरूपी संशोधकपद

महोदय / महोदया,

प्रतिरक्षाशास्त्राची संशोधक म्हणून माझी सारी नोकरी एका प्रश्नामागे गेली. एखाद्या धडधाकट मुलाची प्रतिकारशक्ती त्याच्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर, नेमकी कशामुळे उलटते, हा तो प्रश्न. त्याचे पूर्ण उत्तर आजही जगात कोणाकडे नाही. जे अर्धेमुर्धे उत्तर हाती आहे ते ज्यांनी त्यापायी उभी हयात घातली त्यांच्यामुळे आहे, आणि त्यामागचा जवळपास सगळा पुरावा युरोप-अमेरिकेतल्या मुलांच्या रक्तातून आलेला आहे. आपल्या विदर्भातल्या मुलांचा त्यात वाटा नसल्यात जमा आहे. तो असावा, नागपुरात त्याची सोय व्हावी आणि ती सोय तीन वर्षांच्या प्रकल्पापुरती न राहता निदान वीस वर्षे टिकावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज करता आला असता. परंतु हे काम कोणा एका संस्थेच्या आवाक्यातले नाही, आणि ज्यांच्या घरी रोज इन्सुलिनचे इंजेक्शन भरले जाते त्या पालकांनाही आपण काय मागत आहोत हे कळायला हवे, म्हणून उघडपणे लिहीत आहे.

टाइप वन मधुमेह हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, हे आज वैद्यकाचा दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीही सांगतो. परंतु १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले, त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे हे सिद्ध झालेले नव्हते. १९६५ मध्ये ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी आजार सुरू झाल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ रुग्णांच्या स्वादुपिंडांचे काप तपासले आणि त्यांपैकी १५ जणांच्या लॅन्गरहान्सच्या बेटांमध्ये, म्हणजे स्वादुपिंडातल्या ज्या पुंजक्यांत बीटा पेशी असतात त्यांत, लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी शिरलेल्या दाखवल्या. असा काप ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिला आहे तो या आजाराला पुन्हा कधी ‘अचानक झालेला’ म्हणणार नाही. एका खंडिकेतल्या बेटांभोवती लिम्फोसाइटांचा गराडा पडलेला असतो, शेजारच्या खंडिकेतली बेटे अगदी शाबूत असतात, आणि तिसऱ्या ठिकाणी हल्ला केव्हाच संपून गेलेला असतो: बीटा पेशी एकही उरलेली नाही, पण ग्लुकागॉन तयार करणाऱ्या अल्फा पेशी जागच्या जागी, त्यांना धक्काही लागलेला नाही. बोटभर तुकड्यात आजाराच्या साऱ्या अवस्था एकमेकींना लागून दिसतात. मुलाची साखर एका आठवड्यात पाचशेवर गेली तरी आजार त्या आठवड्यातला नसतो, तो कितीतरी महिने, बहुधा कित्येक वर्षे, आत चालू असतो.

या एका निरीक्षणातून पुढचे सगळे संशोधन निघाले. १९७४ मध्ये लंडनमध्ये जान फ्रँको बोताझो आणि डेबोरा डोनियाक यांनी रुग्णांच्या रक्तात या बेटांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) शोधली. त्याच सुमारास आपले-परके ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणाऱ्या एचएलए जनुकांशी या आजाराचे नाते जुळते, हे डेन्मार्क आणि इंग्लंडमधून पुढे आले. मग बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रात जॉर्ज आयझनबार्थ आणि सहकाऱ्यांनी एकसारखी जनुके असलेली जुळी व तिळी भावंडे निवडली, ज्यांच्यातल्या एकाला मधुमेह होता आणि दुसऱ्याला अजून नव्हता, आणि निरोगी भावंडाचे रक्त वर्षानुवर्षे तपासले. प्रतिपिंडे आधी दिसली. इन्सुलिनचे स्रवणे त्यानंतर हळूहळू घटत गेले. साखर सर्वांत शेवटी वाढली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक एस. श्रीकांत हे भारतीय डॉक्टर होते आणि पुढे ते बंगळूरूला परतले, हे मला आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. १९८६ मध्ये आयझनबार्थ यांनी या आजाराला दीर्घकाळ चालणारा प्रतिकारशक्तीचा आजार म्हणून मांडले आणि त्याच्या पायऱ्यांचा आलेख काढला. आज निदानापूर्वीच्या ज्या टप्प्यांची भाषा आपण वापरतो ती त्याच आलेखातून आली आहे. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते डेन्व्हरला याच प्रश्नावर काम करीत होते.

आजार निदानाच्या वर्षानुवर्षे आधी सुरू होतो म्हटल्यावर कारण शोधणाऱ्याला रुग्ण पाहून भागत नाही. जे अजून रुग्ण झालेले नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते. म्हणून १९८९ पासून जर्मनीत, १९९३ पासून कोलोरॅडोत आणि १९९४ पासून फिनलंडमध्ये बाळे जन्मापासून पाहिली जाऊ लागली. फिनलंडमध्ये हा आजार जगात सर्वाधिक आहे, पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला पन्नासहून अधिक. त्यानंतर अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन मिळून ‘टेडी’ नावाचा अभ्यास झाला. २००४ ते २०१० या काळात चार लाखांहून अधिक नवजात बालकांची जनुकीय चाचणी करून त्यांतली जोखमीची साडेआठ हजारांहून अधिक बाळे घेतली गेली आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्यांचे रक्त, शौच, आहार, आजारपणे, सगळे नोंदवायचे ठरले. अशा कामात आरंभी नोकरीला लागलेला तरुण संशोधक उत्तर मिळेपर्यंत निवृत्तीला येतो.

मिळाले काय? पहिले प्रतिपिंड बहुधा आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उगवते हे कळले. जर्मनी, फिनलंड आणि कोलोरॅडो येथील मुलांची माहिती एकत्र केल्यावर २०१३ मध्ये दिसले की दोन किंवा अधिक प्रतिपिंडे असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो. ज्या बाळांच्या शौचात एन्टेरोव्हायरस हा आतड्यात वाढणारा विषाणू दीर्घकाळ टिकून राहतो त्यांच्यात बेटांविरुद्धची प्रतिक्रिया अधिक आढळते, हे ‘टेडी’ने २०१९ मध्ये दाखवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या आजाराच्या वाटा किमान दोन आहेत. एका वाटेवर पहिले प्रतिपिंड इन्सुलिनविरुद्ध असते, ते लवकर दिसते, आणि त्या मुलांमध्ये डीआर ४ हा एचएलए प्रकार जास्त असतो. दुसऱ्या वाटेवर पहिले प्रतिपिंड गॅड या विकराविरुद्ध असते, ते थोडे उशिरा दिसते, आणि तिथे डीआर ३ जास्त असतो.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते आपल्या वाट्याचा प्रश्न नेमका इथे आहे. भारतीय रुग्णांवरील एचएलएच्या अभ्यासांत डीआर ३ चे प्राबल्य वारंवार दिसले आहे. मग आपली बहुतेक मुले दुसऱ्या वाटेने जातात का? तसे असेल तर आपल्याकडे पहिले प्रतिपिंड कोणत्या वयात उगवते, त्याच्या आधी मुलाला कोणता संसर्ग झालेला असतो, आणि एका प्रतिपिंडापासून साखर वाढेपर्यंत किती वर्षे हाती असतात? फिनलंडच्या बर्फात वाढलेल्या बाळांवरून गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या किंवा यवतमाळच्या कापसाच्या गावातल्या बाळाविषयी हे सांगता येणार नाही. फिनलंडलगतच्या रशियन कारेलियात जनुके बरीचशी सारखी असूनही आजाराचे प्रमाण सुमारे सहा पटींनी कमी आढळले होते. सीमेपलीकडे जर एवढा फरक पडतो, तर सहा हजार किलोमीटरवर काय पडत असेल?

दुसरी गुंतागुंत आपल्या मातीतलीच आहे. मेळघाटातला किंवा गडचिरोलीतला अंगाने काटकुळा, सतरा-अठरा वर्षांचा मुलगा साखर वाढलेली घेऊन ओपीडीत येतो तेव्हा त्याच्या केस पेपरवर ‘टाइप वन’ लिहून मोकळे होणे सोपे असते. परंतु कुपोषणाशी निगडित मधुमेहही असाच दिसतो, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप फाइव्ह म्हणून वेगळी ओळख दिली आहे. प्रतिपिंडे आणि शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारे सी-पेप्टाइड तपासल्याशिवाय या दोहोंत फरक करता येत नाही, आणि या दोन्ही तपासण्या आपल्या बहुसंख्य गरीब रुग्णांच्या होत नाहीत. त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर. सिकलसेलग्रस्त मुलाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी खोटी कमी येऊ शकते. विदर्भात सिकलसेल आणि मधुमेह एकाच मुलात भेटणे अशक्य नाही. म्हणजे परदेशात बसवलेले निकष इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, ते इथल्या मुलांवर तपासून घ्यावे लागतील. हे होऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनच्या एक्सेटर येथील संशोधकांबरोबर काम करून २०२० मध्ये दाखवले की युरोपीय रुग्णांवरून बेतलेला जनुकीय जोखमीचा गुणांक भारतीय रुग्णांतही टाइप वन ओळखायला बऱ्यापैकी उपयोगी पडतो. याच केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास हाती घेतला आणि त्या वेळी जन्मलेली बाळे मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. पुण्याजवळच्या खेड्यांत तीस वर्षे माणसे टिकवता येतात, तर नागपूरभोवती का येऊ नयेत?

नागपूरची जागा या कामाला जितकी सोयीची आहे तितकी फार थोड्या शहरांची असेल. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स यांच्या वॉर्डांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली येथूनच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाट आणि बैतूलहूनही मुले येतात; सेवाग्राम तासा-दीड तासावर आहे. डॉ. शरद पेंडसे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरच्या टाइप वन मुलांना इन्सुलिन पुरवून दाखवले आहे की ही कुटुंबे शोधता येतात आणि जोडलेली ठेवता येतात. सिकलसेलसाठी आदिवासी पाड्यांवर रक्त तपासणी, समुपदेशन आणि नोंदी करण्याची जी घडी विदर्भात बसली आहे, आणि २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेने जिला बळ मिळाले आहे, तीही हाताशी आहे.

आणि गरजही आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना एखादे पोर सारखे पाणी मागत असेल, गळून गेले असेल, ओकत असेल, तर घरचे म्हणणार ऊन लागले, आणि कांद्याचा रस, कैरीचे पन्हे, साखरेचे पाणी सुरू होणार. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, तेही कधी डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरेचेच. लघवीला मुंग्या लागतात हे आजीच्या लक्षात आलेले असते, पण तिला कोणी विचारत नाही. मूल नागपूरला पोहोचते तेव्हा कीटोअॅसिडोसिसने म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून, त्याचा श्वास खोल आणि जोरात चाललेला असतो. बोटावरच्या रक्ताच्या एका थेंबाने जे दोन दिवस आधी कळले असते ते आयसीयूत कळते. कारणांच्या संशोधनाचा या मुलाला काय उपयोग, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. उपयोग सरळ आहे: ज्या घरात एक मूल रुग्ण आहे तिथल्या भावंडांची प्रतिपिंडे दर वर्षी तपासली जात असतील, तर त्या घरातले दुसरे मूल अशा अवस्थेत सहसा येणार नाही. बहुसंख्य रुग्णांच्या कुटुंबात आधी कोणालाच हा आजार नसतो, त्यामुळे भावंडांपुरती तपासणी पुरेशी नाही हेही खरे. इटलीने २०२३ मध्ये सरसकट सर्व मुलांच्या तपासणीचा कायदा केला तो यासाठीच. आपण निदान भावंडांपासून सुरुवात करू शकतो.

माझी मागणी अशी आहे. विभागातल्या कोणत्याही रुग्णालयात पंचवीस वर्षांखालील व्यक्तीला नव्याने मधुमेह आढळला, की सर्वांची मिळून असलेल्या एकाच नोंदवहीत त्याची नोंद व्हावी, त्याची प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड विनामूल्य तपासले जावे, आणि पालकांच्या लेखी संमतीने रक्ताच्या दोन नळ्या संशोधनासाठी बाजूला काढल्या जाव्यात. एक सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाची, जी उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षे टिकते. दुसरी जिवंत लिम्फोसाइट पेशींची, आणि तिच्याबाबत वेळ पाळावीच लागते: रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवे, ते फायकॉलच्या द्रवावर अलगद, थर न मोडता सोडावे लागते, सेंट्रिफ्यूज फिरवून झाल्यावर पिवळसर प्लाझ्मा आणि तळाचे लाल यांच्या मधोमध पेशींची एक दुधी कडा दिसते, आणि ती पिपेटने उचलून गोठवायची असते. गडचिरोलीहून निघालेली नळी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत राहिली तर ती कडा धूसर होते आणि त्या मुलाची ती संधी गेली. म्हणून फ्रीझरइतकाच नमुने आणणाऱ्या माणसाचा, त्याच्या शीतपेटीचा आणि जनरेटरच्या डिझेलचा खर्च अंदाजपत्रकात हवा. नमुने दोन वेगवेगळ्या इमारतींत विभागून ठेवावेत, म्हणजे एका ठिकाणची वीज गेली तरी सगळे जाणार नाही.

साठा कशासाठी, हे प्रशासनाला पटवून देताना मी नेहमी एक उदाहरण देते. झिंक ट्रान्सपोर्टर ८ या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड २००७ मध्ये सापडले. ते आजाराच्या आधी केव्हा उगवते हे पाहायला नवी बाळे घेऊन पुन्हा पंधरा वर्षे थांबावे लागले नाही, कारण कोलोरॅडोतल्या संशोधकांनी १९९३ पासून मुलांचे सीरम गोठवून ठेवले होते. ज्यांनी ते ठेवले त्यांना ते कशाला लागेल हे ठाऊक असणे शक्यच नव्हते.

आता संशोधकाविषयी. आपल्याकडे अशा कामावर घेतलेली मुले-मुली कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की कंत्राट संपते, आणि कुटुंबांना नावाने ओळखणारी, कोणाचे रक्त कोणत्या खणात आहे हे जाणणारी व्यक्ती निघून जाते. पदोन्नती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, आणि या विषयात प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असते. गाईच्या दुधातली प्रथिने लहानपणी टाळली तर हा आजार टळेल का, हे पाहण्यासाठी ‘ट्रिगर’ अभ्यासाने २००२ पासून १५ देशांतली २,१५९ बाळे घेतली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष सांगितला की टळत नाही. निकोटिनामाइड या ब-३ जीवनसत्त्वाच्या प्रकाराने टळेल का, या युरोपीय चाचणीचे उत्तर २००४ मध्ये असेच आले. ही उत्तरे अत्यंत मोलाची आहेत, कारण त्यांच्यामुळे लाखो आया एका चुकीच्या पथ्यापासून आणि अपराधीपणापासून सुटल्या. परंतु सोळा वर्षांनी एक नकार हाती देणाऱ्या संशोधकाला आपली मूल्यमापन पद्धत शून्य गुण देईल. शिमोन साकागुची यांनी प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी १९९५ मध्ये दाखवल्या तेव्हा त्या कल्पनेवर फारसे कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते; नोबेल २०२५ मध्ये मिळाले. ज्या मुलग्यांमध्ये या पेशींसाठी लागणारे फॉक्सपी ३ जनुक बिघडलेले असते त्यांना तान्हेपणीच मधुमेह होऊ शकतो, इतका तो शोध आपल्या विषयाच्या जवळचा आहे. तेव्हा एक तरी संशोधकपद असे असावे की ज्याचे मूल्यमापन नोंदवहीची सचोटी, टिकून राहिलेली कुटुंबे आणि जपलेले नमुने यांवर होईल, आणि ज्यावर बसलेल्या व्यक्तीला निवृत्तीपर्यंत हाच एक प्रश्न विचारण्याची मुभा असेल. तिच्याबरोबर एक समुपदेशक आणि दोन तंत्रज्ञ, तेही कायम.

एक आक्षेप रास्त आहे. निरोगी मुलाच्या आईला ‘याच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत’ असे सांगून आपण तिला देणार काय? टेप्लिझुमॅब हे औषध आजार सरासरी दोन वर्षांनी लांबवते म्हणून अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले; तिथे त्याच्या एका कोर्सची किंमत एक लाख नव्वद हजार डॉलरच्या पुढे आहे. ते आपल्या आयांसमोर आशा म्हणून ठेवणे योग्य नाही. देता येईल ते असे: घरी साखर तपासायचे साधन, लक्षणांची लेखी माहिती, रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक फोन, आणि इन्सुलिन लागेल त्या दिवशी ते विनामूल्य. मुलींच्या बाबतीत गुप्ततेची जबाबदारी दुप्पट आहे. लग्न ठरताना मधुमेह लपवावा लागतो अशी आज अनेक घरांची स्थिती आहे. जो आजार अजून झालेलाच नाही त्याचा कागद चुकीच्या हाती पडला तर एखाद्या मुलीचे आयुष्य विस्कटेल. म्हणून नावे आणि नमुन्यांचे क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, आणि नैतिकता समितीत टाइप वन असलेली एक प्रौढ स्त्री व एका मुलाचे पालक यांना पूर्ण मतासह घ्यावे.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आपण सर्वांनी एकत्र बसून या नोंदवहीचा एकच अर्ज, एकच संमतिपत्र आणि जबाबदारी घेणारी एक संस्था एवढे ठरवावे, अशी विनंती आहे. संमतिपत्राचा मराठी मसुदा मी तयार करून ठेवला आहे. गोंडी आणि कोरकू भाषांतून तो समजावून सांगण्यासाठी त्या भाषा बोलणाऱ्या आशाताईंची मदत घ्यावी लागेल. नमुने वेगळे करण्याचे आणि गोठवण्याचे प्रशिक्षण मी आपल्या तंत्रज्ञांना कोणतेही मानधन न घेता देईन. बैठकीची तारीख आपण कळवावी, मी उपस्थित राहीन.

आपली नम्र,
प्रतिरक्षाशास्त्रातील एक निवृत्त संशोधक,
नागपूर